तिकीट न काढता डिस्ने वर्ल्ड : आई, मावशी आणि मी

मावशी १९८६ साली फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला गेली होती. काका, दोन लहान मुलं, बाहेरच्या रस्त्यावरचं स्वस्तातलं मोटेल आणि पार्कात सकाळपासून रात्रीपर्यंत रांगा. त्या सहलीतलं तिला एकच दृश्य लख्ख आठवायचं. पार्किंगपासून मॅजिक किंगडम या पार्कच्या दारापर्यंत नेणारी मोनोरेल वाटेत एका हॉटेलच्या पोटातून आरपार जाते. काचेतून खाली बघितलं तर प्रचंड मोठा हॉल आणि तिथे टेबलांशी बसून निवांत खाणारी माणसं. तिची गाडी तिथे थांबणारी नव्हती. "त्या हॉलमध्ये एकदा बसायचं राहिलं बघ," हे वाक्य मी तिच्या तोंडून निदान दहा वेळा ऐकलं असेल.

यंदा आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे अटलांटाला आली. ती ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे बदललेले. शिकागोची मावशी ६९ची, थोडं चाललं की तिला दम लागतो. दोघी बहिणी चार वर्षांनी भेटणार होत्या. पार्कात गेलं की दिवसाला दहा-बारा किलोमीटर पाय सहज ओढावे लागतात आणि एका दिवसाचं तिकीट माणशी शंभर डॉलरच्या वर जातं. म्हणून ठरवलं, पार्कात पाऊलच टाकायचं नाही. डिसेंबरचा पहिला आठवडा, चार रात्री मुक्काम डिस्नेच्याच हॉटेलात.

"मग तिथे करणार काय?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. हा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटरचा आहे. चार पार्क त्याचा एक छोटा भाग व्यापतात. बाकी तळी, झाडी, कालवे आणि पंचवीसहून अधिक हॉटेलं, शिवाय त्यांना जोडणाऱ्या बस, बोटी, मोनोरेल आणि आकाशपाळणे, म्हणजे रोपवेचे डबे. या कशालाही तिकीट लागत नाही.

पहिला दिवस : पोहोचलो

अटलांटाहून सात तासांची ड्राइव्ह करून आधी ऑर्लँडोचा विमानतळ गाठला. मावशी आली, पण तिची बॅग आली नाही. विमान कंपनीच्या खिडकीवर फॉर्म भरण्यात तास गेला. "उद्या हॉटेलवर पोहोचवू," म्हणाले. (तिसऱ्या दिवशी आली.)

हॉटेल घेतलं पॉप सेंच्युरी, डिस्नेच्या स्वस्त गटातलं. पन्नासच्या दशकापासून नव्वदपर्यंत प्रत्येक दशकाच्या वेगळ्या इमारती आणि बाहेर त्या काळातल्या वस्तू चार-चार मजली आकारात. मावशी १९७९ला अमेरिकेत आली, म्हणून तिने आधी सत्तरच्या दशकाकडे मोर्चा वळवला. आई रुबिकच्या ठोकळ्याखाली उभी राहून वर बघत राहिली. माझा ठोकळा तिने एकदा चिडून माळ्यावर टाकला होता, तो प्रसंग तिने मावशीला साग्रसंगीत सांगितला.

खोलीत दुसरा पलंग भिंतीतून खाली उघडतो आणि बंद असताना तिथे टेबल होतं. आईला हे फार पटलं. फ्रिज प्रत्येक खोलीत असतो. आम्ही दशम्या, लसणाची चटणी आणि दही नेलं होतं, त्यामुळे सकाळचा खर्च वाचलाच, शिवाय सात वाजता उठून रांगेत उभं राहायची वेळ आली नाही.

संध्याकाळी मागच्या तळ्यावर गेलो. पुलापलीकडे आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन हे दुसरं हॉटेल आहे. मुळात ती जागा पॉप सेंच्युरीच्याच दुसऱ्या अर्ध्या भागासाठी होती, विसाव्या शतकाच्या पहिल्या पाच दशकांसाठी. इमारती अर्धवट उभ्या राहिल्या, काम वर्षानुवर्षं थांबलं आणि अखेर २०१२ला तिथे हे नवं हॉटेल उघडलं. दोन्हींना जोडणाऱ्या पुलाचं नाव 'जनरेशन गॅप ब्रिज'. मधोमध बाकावर दोघी बसल्या आणि त्यांच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, शेवटच्या दिवसांबद्दल बोलू लागल्या. मी जरा लांब जाऊन उभी राहिले. अंधार पडायला साडेपाच पुरतात तिथे डिसेंबरमध्ये, पण आम्ही खोलीवर परतलो तेव्हा आठ वाजून गेले होते.

दुसरा दिवस : थंडी आणि आकाशपाळणा

फ्लोरिडात थंडी नसते असं मानून आम्ही आलो होतो. सकाळी ४५ फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम ७ सेल्सिअस. उत्तरेकडून थंड हवेची लाट आली की इथेही पारा असा एका रात्रीत उतरतो आणि दोन दिवसांत पुन्हा चढतो. मावशीचा कोट हरवलेल्या बॅगेत. आईने आपली तपकिरी शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली. "मला स्वेटर आहे, बेबी, तू घे." मावशीला या नावाने हाक मारणारं आता आईशिवाय कुणी उरलेलं नाही.

त्याच तळ्यावर स्कायलायनरचं स्टेशन आहे. २०१९ला सुरू झालेले हे आकाशपाळणे दोन पार्क आणि काही हॉटेलं जोडतात. एका डब्यात दहा माणसं मावतात. पाळणा चालता-चालताच चढायचं असतं, ते आईला जमेना. दारावरच्या मुलाने तिचा चेहरा बघितला आणि काही न विचारता आम्हाला बाजूच्या फाट्यावर नेलं. व्हीलचेअरवाल्यांसाठी तिथे डबा पूर्ण थांबवतात. गुडघ्याचं दुखणं असेल तर संकोच न करता हे मागून घ्यावं. डब्यात एसी नाही, फक्त वाऱ्याच्या जाळ्या आहेत. त्या दिवशी त्यातून बोचरा वारा येत होता. जवळपास विजा चमकू लागल्या की ही सेवा बंद करतात, तेव्हा उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी दुपारनंतर तिच्या भरवशावर राहू नये.

कॅरिबियन बीच या हॉटेलपाशी पाळणा बदलून एपकॉट या दुसऱ्या पार्कच्या मागच्या दाराशी उतरलो. तिकीट दाखवायची जागा स्टेशनच्या पुढे आहे. आम्ही गर्दीतून बाहेर निघून उलट्या बाजूला वळलो आणि पाच मिनिटांत बोर्डवॉकच्या लाकडी फळ्यांवर होतो. अटलांटिकच्या किनाऱ्यावर शंभर वर्षांपूर्वी असायचे तसे रंगीत लाकडी घरांचे चेहरे, समोर क्रेसेंट लेक, पलीकडे यॉट क्लब आणि बीच क्लब ही हॉटेलं आणि मायकल ग्रेव्हज या वास्तुविशारदाने आखलेली स्वॉन-डॉल्फिन ही दोन हॉटेलं, छपरांवर अवाढव्य हंस आणि मासे घेऊन बसलेली. तळ्याला पूर्ण फेरी दीड किलोमीटरच्या आत होते आणि थकवा आला तर कुठल्याही धक्क्यावरून बोट पकडता येते. आम्ही अर्धी फेरी पायी केली आणि उरलेली बोटीने.

बोटीवरच्या नावाड्याला मावशीने विचारलं, दिवसातून किती फेऱ्या मारता? मोजत नाही, म्हणाला, पण पाण्यावर असताना घड्याळ बघावंसं वाटत नाही म्हणून इथे आलो, आधी ट्रक चालवायचो. आई त्याच्याशी हिंदी-मराठी-इंग्रजी अशा सरमिसळीत बोलत होती आणि त्याला सगळं कळत होतं.

खाण्याबद्दल शाकाहाऱ्यांसाठी एक सांगते. मेनूवर हिरव्या पानाची खूण असेल तर त्या पदार्थात कुठलाच प्राणिज घटक नसतो. ती खूण नसलेलं शाकाहारी जेवणही मिळतं, फक्त विचारावं लागतं. स्वयंपाकी बाहेर येऊन बोलतात, दोनदा तसं झालं.

तिसरा दिवस : तो हॉल

मावशीच्या आठवणीतलं ते हॉटेल म्हणजे कंटेम्पररी. तिकडे गाडी घेऊन जायचा विचार सोडून द्या. तिथल्या रेस्टॉरंटचं आरक्षण नसेल तर फाटकावरूनच परत पाठवतात. आम्ही हॉटेलच्या बसने मॅजिक किंगडमला गेलो. बस पार्कच्या बाहेर सोडते. तिथे बॅगा तपासतात, पण तिकीट कुणी विचारत नाही. हजारो माणसं डावीकडे पार्कच्या दाराकडे चालली होती. आम्ही तिघी मोनोरेलकडे. पुढचंच स्टेशन कंटेम्पररी.

गाडी इमारतीत शिरताना मावशी काचेला चिकटली होती. ३८ वर्षांपूर्वीची तिची गाडी एक्स्प्रेस होती, ती न थांबता निघून जायची. आमची हॉटेलांवर थांबणारी. दार उघडलं तरी क्षणभर ती उठलीच नाही. आई म्हणाली, "ऊठ, ऊठ, हे तुझंच स्टेशन."

हे हॉटेल १ ऑक्टोबर १९७१ला, पार्कच्या बरोबरीने उघडलं. इंग्रजी 'ए'सारख्या तिरक्या भिंती आणि मधला भाग सगळा पोकळ. त्याच्या खोल्या दुसरीकडे पूर्ण बांधून आणल्या आणि क्रेनने उचलून सांगाड्यात कपाटाच्या खणांसारख्या सरकवल्या. चौथ्या मजल्यावर तो हॉल. मधोमध छतापर्यंत चढत गेलेलं मेरी ब्लेअर या चित्रकर्तीचं भित्तिचित्र, ९० फूट उंच, १८,००० टाइल्सचं. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातली मुलं, पक्षी, फुलं, डोंगर. त्यात एक बकरी पाच पायांची आहे, हे मी आधी वाचून ठेवलं होतं. आईला म्हटलं, शोध. ती मोनोरेलच्या बाजूच्या भिंतीवर आहे, त्यामुळे फलाटावर परत वर जावं लागलं. गुडघे विसरून आई गेली आणि तिनेच आधी बघितली. "एक, दोन, तीन, चार, आणि हा बघ पाचवा." ज्याने-त्याने येऊन ती मोजावी असं तिला वाटत होतं. शेजारी उभ्या असलेल्या एका ब्राझिलियन कुटुंबालाही तिने बोट दाखवून मोजायला लावली.

खाली येऊन एक टेबल मिळालं. कॉफी, एक मोठा केक आणि आमचा डब्यातला चिवडा. मावशी खुर्ची फिरवून रुळांकडे तोंड करून बसली. दर चार-पाच मिनिटांनी डोक्यावरून गाडी जायची. आवाज फार नाही, एक सुस्कारा टाकल्यासारखा. आम्ही तिथे पावणेतीन तास होतो. मावशीने मुलं लहान असतानाचे दिवस सांगितले. त्या सहलीसाठी काकांनी वर्षभर शनिवारी जास्तीचं काम केलं होतं. पार्कात धाकट्याला ताप आला आणि तिने अर्धा दिवस प्रथमोपचार केंद्रात काढला. काकांना जाऊन आता सहा वर्षं झाली. "त्यांना वाटायचं मला ती ट्रिप आवडली नाही," ती म्हणाली. "मी दमले होते एवढंच. सांगायचं राहून गेलं." आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. वरून आणखी एक गाडी गेली.

तिथून पुढे ग्रँड फ्लोरिडियन. पांढऱ्या भिंती, लाल छपरं, १९८८चं, म्हणजे मावशीच्या त्या सहलीत ते अस्तित्वातच नव्हतं. नाताळच्या दिवसांत इथल्या लॉबीत खऱ्याखुऱ्या जिंजरब्रेडचं, म्हणजे सुंठेच्या बिस्किटाचं, घर बांधलं होतं, माणूस आत उभा राहून खिडकीतून मिठाई विकेल एवढं मोठं. लिफ्टमधून बाहेर पडताक्षणी दालचिनी, लवंग आणि मधाचा वास आला. बाजूला कृती लावली होती. नुसता मधच हजार पौंडांच्या वर, म्हणजे साडेचारशे किलोहून जास्त. आईने ती पाटी दोनदा वाचली आणि म्हणाली, सुंठेचं प्रमाण लिहिलेलं नाही.

सूर्य कलल्यावर पायवाटेने पॉलिनेशियनला गेलो. तेही १९७१चंच. डोल व्हिप हे अननसाचं आइस्क्रीमसारखं गार इथे पार्काबाहेर मिळतं, दुधाशिवायचं. थंडीत खाल्लं आणि पुन्हा एक घेतलं. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत खुर्च्या टाकलेल्या असतात, समोर सेव्हन सीज लगून हे तळं आणि पलीकडे मॅजिक किंगडमचा किल्ला. हे तळं खोदलेलं आहे. त्यातून निघालेली माती पलीकडच्या पार्काखाली भरली, म्हणून तो पार्क प्रत्यक्षात पहिल्या मजल्याच्या उंचीवर आहे आणि त्याच्याखाली कामगारांचे बोगदे. पाण्यात उतरायला सक्त मनाई आहे. मगरींच्या पाट्या जागोजागी आहेत आणि त्या खऱ्या आहेत, लहान मुलांना काठावर सोडू नका.

तिथून आतषबाजी दिसते आणि संगीतही ध्वनिवर्धकांवरून ऐकू येतं. पण आम्हाला तिघींना जास्त आवडला तो त्यानंतरचा तरंगता दिव्यांचा देखावा. १९७१च्या ऑक्टोबरपासून हे चालू आहे. तराफ्यांची एक रांग, त्यांवर दिव्यांनी आखलेले देवमासे, कासव, समुद्री सर्प. संगीतही त्या काळातलं, अवघडलेल्या यंत्राच्या आवाजाचं. तळ्यावरून ती रांग अगदी संथ सरकते आणि काळोखात दिसेनाशी होते. आतषबाजी संपल्यावर बरीच माणसं उठून गेली होती. आम्ही बसून राहिलो म्हणून दिसलं.

परतीची मात्र फजिती झाली. आतषबाजीनंतर मॅजिक किंगडममधून सगळं जग एकदम बाहेर पडतं. मोनोरेलने तिथे जाऊन बस पकडायचा बेत होता, पण बसची रांग बघून आई खालीच बसली. शेवटी टॅक्सी करून परतलो. तुम्ही गेलात तर पॉलिनेशियनवरूनच टॅक्सी बोलवा, किंवा तासभर वाळूतच बसा.

खोलीत मावशीची बॅग येऊन पडली होती.

चौथा दिवस : जिराफ आणि नान

आज गाडी बाहेर काढली. अ‍ॅनिमल किंगडम लॉज हे हॉटेल आहे, त्याच नावाच्या पार्कपासून वेगळं आणि चालत जाण्याजोगं नाही. किदानी व्हिलेज या भागातल्या 'साना' या रेस्टॉरंटमध्ये दुपारचं टेबल ६० दिवस आधी धरलं होतं. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं आणि साना लवकर भरतं. फाटकावरच्या माणसाने तेवढंच विचारून आत सोडलं.

सानाचं जेवण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हिंदी महासागरातून पोहोचलेल्या मसाल्यांचं आहे. तिथली 'ब्रेड सर्व्हिस' मागवली. पाच तऱ्हांच्या रोट्या, त्यात नान, कांद्याचा कुलचा आणि पनीरचा पराठा, सोबत नऊ वाट्या. चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, काकडीची कोशिंबीर, लसणाचं लोणचं, टोमॅटो-खजुराचा जॅम. खजुराच्या जॅमची मी घरी दोनदा नक्कल केली आहे, जमत आलंय. दोन माणसांना पोटभर होईल एवढं असतं, आम्ही तिघींनी वाटून खाल्लं आणि वर एक डाळ घेतली. खिडकीबाहेर पंधरा-वीस पावलांवर जिराफ झाडाची पानं ओढत होता. आईचा घास हातातच राहिला.

पण आईचा जीव गुंतला तो अंकोले गाईंमध्ये. शिंगं एवढी जाड आणि लांब की मान कशी पेलते कळत नाही. आईच्या माहेरी खिलारची जोडी होती. गच्चीवर रखवालीला उभ्या असलेल्या बाईच्या छातीवर नावाखाली देशाचं नाव होतं, दक्षिण आफ्रिका. तिने सांगितलं, ही शिंगं आतून सच्छिद्र असतात, त्यांतून रक्त खेळतं आणि उष्णता बाहेर पडते. आईने मला सांगायला लावलं की आमच्याकडे शिंगं रंगवतात, पोळ्याला बैलाला पुरणपोळी खाऊ घालतात. बाईने विचारलं, बैल घरात येतो? आई म्हणाली, दारात येतो, ओवाळतो आम्ही त्याला. त्या बाईने हे वहीत लिहून घेतलं. तिची आजीही गुरांना नावं द्यायची म्हणाली. मग दोघी आपापल्या गुरांची नावं सांगत बसल्या. मी भाषांतर करत होते खरी, पण नावांना ते लागतच नव्हतं.

राहायचं याच लॉजमध्ये का नाही, असा प्रश्न मला मावशीने विचारला. भाडं आमच्या हॉटेलच्या दुपटीच्या पुढे होतं. एक रात्र जरी इथे घेता आली तर घ्या, अंधार पडल्यावर दुर्बिणीतून प्राणी दाखवतात. पुढच्या वेळी मी तेच करणार आहे.

संध्याकाळी फोर्ट वाइल्डरनेस या डिस्नेच्याच कॅम्पिंगच्या जागी शेकोटी. बाहेरच्या आवारात गाडी लावून आतल्या बसने जायचं. शेकोटीभोवती गाणी होतात, खारींच्या पोशाखातली दोन डिस्ने पात्रं नाचतात, सगळं फुकट. मार्शमॅलो भाजायचे संच तिथे विकत मिळतात, पण त्यात जिलेटिन असतं. शाकाहारी असाल तर जिलेटिनशिवायचे आधीच आणा. आम्ही नेले होते. आईने आयुष्यात पहिल्यांदा मार्शमॅलो भाजला आणि तो कोळसा झाला. दुसरा सोनेरी झाला, तो तिने मावशीला दिला.

पाचवा दिवस : निरोप

अकराला खोली सोडली. मावशीचं विमान संध्याकाळी, म्हणून दुपार डिस्ने स्प्रिंग्जमध्ये काढली. पार्किंग फुकट आणि प्रवेशही. १९७५ला ते एक छोटं खरेदीचं गाव होतं, आता मोठा बाजार झाला आहे. नाताळची सजवलेली झाडं छान होती, बाकी गर्दी फार. आम्ही तळ्याकाठी सावलीत बाक पकडला आणि उरलेल्या दशम्या संपवल्या. थंडी ओसरली होती.

विमानतळावर मावशीने बॅग आपल्या हातात घेतली. तिचा कोट आतच होता. अंगावर आईची शाल. आईने मागितली नाही, मावशीने दिली नाही.

परतीच्या रस्त्यावर गेन्सव्हिल मागे पडेपर्यंत आई काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या बकरीचा फोटो नीट आलाय ना बघ. पाच पाय म्हटलं तर कुणाला पटायचं नाही."